मायचे डबे

११ एप्रिल

मनात येईल ते रोज लिहीत जा, छातीतली धडधड कमी होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गजेंद्रने ही वही आणून दिली. मी सातवीपर्यंत शिकलो, नंतर सगळी उमर कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. लिहायची सवय नाही. आणि लिहायला बसलं की काय काय बिघडू शकतं ते एकेक आठवत जातं, धडधड वाढतेच.

आज पुण्याहून एक बाई आल्या, चारुशीला नावाच्या. आधी वाटलं बँकेच्या नावाने फसवणारी कोणी असेल. मी दारातच उभा राहिलो, पण सुनेने, सीमाने, त्यांना आत घेतलं आणि पाणी दिलं. त्या जुन्या सिनेमावर पुस्तक लिहितात म्हणे. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. खांबाला टेकलेली एक पोरगी, केसात गजरा, डोळ्यांत भरून काजळ.

"या मिस नीलम," त्या म्हणाल्या. "बोलपट येण्याआधी काही चित्रपटांत होत्या. पुढे जिनिंगमधल्या एका फिटरशी लग्न करून अकोल्याकडे गेल्या, असं एका साप्ताहिकात आलं होतं. मी इथल्या जिनिंगमध्ये चौकशी करत तुमच्यापर्यंत पोचले."

मी म्हटलं, आमच्यात अशी बाई नाही. आम्ही शेतीवाले लोक. माझ्या मायचं नाव सत्यभामा.

सीमाने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "काहीच्या काही काय सांगता मामाजी? हे नाक तर तुमचंच होय."

मॅडमनी विचारलं, त्यांच्या वस्तू काही आहेत का, फिल्मचे गोल डबे वगैरे? त्यांचा एकही चित्रपट आज कुठे शिल्लक नाही, एक तुकडासुद्धा नाही. मी नाही म्हटलं आणि चहा घेऊन त्यांना वाटेला लावलं.

वरच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत डबे आहेत. बाबांच्या मशिनीचं काही सामान असेल असं मी आजवर समजत होतो.

१३ एप्रिल

गजेंद्रला सांगितलं. त्याचं बियाणं-औषधांचं दुकान आहे, दिवसभर लोकांत असतो. त्याला म्हटलं, बाहेर बोलू नको, लोक म्हणतील याची माय नाचणारी होती. तो हसला. "बाबा, शंभर वर्षं होऊन राहिले त्या गोष्टीले. आता कोणाले काय पडलं? उलट पेपरात फोटो येईन."

पेपरात!  खरं काय ते फक्त रुख्मिणीबाईला ठाऊक असणार, माझ्या थोरल्या बहिणीला. ती अमरावतीला मुलाकडे असते.

१७ एप्रिल

सकाळच्या एस.टी.ने अमरावतीला गेलो. खिडकीजवळ ऊन, आतल्या बाजूला एका बाईची कोंबडी. मूर्तिजापूरला गाडी इतका वेळ उभी राहिली की ड्रायव्हर मेला की काय असं वाटलं.

रुख्मिणीबाई पलंगावर बसली होती. तिच्या उजव्या डोळ्याचं काही उरलं नाही. डावा मावळत चालला आहे, दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणतात. तिने मला आवाजावरून ओळखलं.

"मोत्या, तू कायले आला एवढ्या उन्हातान्हात? कोण मेलं?"

मी पुण्याच्या बाईची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आली म्हणजे एकदाची कोणी इचारत."

"तुले ठावं होतं?"

"मले मायनंच सांगतलं. तू लहान होता. अन् तू असा भेदरट, तुले सांगून काय करती ते?"

मग तिने सांगितलं. माय पंधरा-सोळाची असताना तिच्या मावशीसोबत मुंबईला गेली आणि सिनेमात लागली. तिथे लोक तिला ओळखू लागले होते. टांग्यातून जाताना पोरं मागे धावत. पुढे बोलणारा सिनेमा आला. कंपनीच्या मालकाने तिला मशिनीपुढे उभं केलं आणि म्हटलं, बोल. ती दोन वाक्यं बोलली, तर सगळे हसायला लागले.

"आपल्यासारखं बोलली ना ते," रुख्मिणीबाई म्हणाली. "मले-तुले. त्यायनं म्हटलं, राणीचा मुखडा अन् बोलणं वावरात निंदणाऱ्या बाईचं. झालं. दुसऱ्या दिवसापासून काम बंद. पुढं कंपनीच बुडाली तवा मालक म्हणे, ज्याले जे पायजे ते घेऊन जा. बाकीच्या बायायनं साड्या नेल्या, खोटे दागिने नेले. मायनं डबे मागतले."

"मंग आपल्याले कधी दाखवलं काहून नाही?"

"कशावर दाखवती? चुलीवर?"

घरी माय फार कमी बोलायची, ते आता आठवलं. शेजारच्या बाया तिला अकडू म्हणायच्या. मी मूर्तिजापूरला शिकायला निघालो तेव्हा बाकी पोरांच्या माया फाट्यापर्यंत सूचना देत आल्या. माझी माय दारात उभी राहून नुसती पाहत होती, गाडी वळेपर्यंत. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. तिला माझा तितका लळा नव्हता, असं मला अजूनही वाटतं.

रुख्मिणीबाईने आणखी एक सांगितलं. डबे गावच्या घरात जमिनीत पुरलेल्या रांजणात असायचे आणि उन्हाळ्यात माय त्या रांजणावर ओलं पोतं टाकायची. म्हणजे डब्यांना ओल लागली असेल तर ती मायनेच लावली. तिला कोण सांगणार होतं! घर विकल्यावर मी डबे पेटीत घालून वरच्या खोलीत ठेवले. वर स्लॅब आहे, खोली चांगली कोरडी आहे.

निघताना तिने माझा हात धरला. "मोत्या, मले पायचं हाये तिले. ह्या डोयानं जेवढं दिसन तेवढं. पोरीच्या वयाची माय पायची हाये मले. नाही म्हणू नोको."

मी हो म्हटलं. आता येता-जाता तेच डोक्यात. डोळा आधी जाईल की सिनेमा आधी दिसेल?

२० एप्रिल

पेटी उघडली. डबे गंजले आहेत. कागद चिकटवलेला होता, त्यावरची अक्षरं किड्यांनी खाल्ली. झाकण निघेना, पान्याने उचकटलं. असा उग्र वास आला की डोळ्यांत पाणी आलं, पावसात भिजून कुजलेल्या जोड्यांसारखा. आतली पट्टी कडेने तपकिरी झालेली, हाताला मधासारखं चिकट लागलं. ओल. ओलीनेच सत्यानाश केला आहे.

वरचा थोडा भाग सुटा होता. तो खिडकीतल्या उजेडासमोर धरला. नखाएवढ्या चौकटी. एक बाई उंबऱ्यावर बसलेली. मान खाली, पदर पुढे आलेला, तोंड दिसत नाही. पुढच्या चौकटीत तसंच. त्याच्या पुढच्यातही तसंच. पुढची पट्टी एकमेकांना चिकटलेली. ओढली असती तर फाटली असती म्हणून सोडून दिली. ती माय होती का तेही सांगता येत नाही. खाली आलो तेव्हा सीमाने विचारलं, "दिसली काय हो आजी?" मी म्हटलं, तोंडच दिसत नाही.

२३ एप्रिल

मॅडमना फोन करून खरं सांगितलं.   मग त्या म्हणाल्या, "काका, आता त्यांना हात लावू नका. उघडू नका. थंड जागी, अंधारात ठेवा. ही जुन्या जातीची फिल्म आहे, फार लवकर पेट घेते. मी मे महिन्याच्या दहा तारखेला गाडी घेऊन येते."

मी विचारलं, ओल असली तर?

"ओलही वाईटच. पण तुम्ही काही करू नका, प्लीज."

त्यातून काही वाचलं तर दोन-तीन महिन्यांत पडद्यावर पाहता येईल, असं त्या म्हणाल्या. म्हणजे दिवाळीच्या आत. रुख्मिणीबाईला लगेच कळवलं. ती म्हणाली, "मी चष्मा पुसून ठेवतो."

पेट घेते, हे मात्र मी घरात कोणाला सांगितलं नाही. सीमाने पेटी आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर टाकली असती. आता मी दिवसातून दहा वेळा वर जाऊन वास घेतो.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. मायच्या नावाने घागर भरली. सीमाने आंब्याचं पन्हं केलं, पुरणपोळी केली. नैवेद्य दाखवताना मनात दुसरंच चालू होतं. वास वाढला आहे. आज जिन्यापर्यंत येत होता.

जिनिंगमध्ये मी आयुष्य काढलं, आग कशी लागते ते मला शिकवायला नको. कोरडा कापूस ठिणगी पडल्याशिवाय पेटत नाही. ओला कापूस गंजीच्या ढिगात दाबला गेला की आतल्या आत तापतो. वरून काही दिसत नाही. गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहावं लागतं, आणि ऊब लागली की सगळी गंजी फोडून उन्हात पसरायची. मी कितीदा पसरली आहे. शेठ म्हणायचे, मोतीरामचा हात म्हणजे थर्मामीटर.

आज डब्याला हात लावला. गरम होता. आत ओल आहे आणि तो तापतो आहे. मॅडम शिकलेल्या आहेत, पण त्यांनी कधी गंजी पाहिली असेल का? दहा तारखेपर्यंत थांबलो आणि घर पेटलं तर?

४ मे

सीमाचं वाळवण चालू आहे. गच्चीवर कुरडया आणि मुंगवड्या घातल्या आहेत. कडक ऊन आहे. पेपरात लिहिलं होतं, अकोल्याला पंचेचाळीसच्या वर. वर्षभराचं सगळं या उन्हात वाळवून ठेवतो आपण, मिरची, डाळ, गाद्या. त्याशिवाय टिकतं काय?

सकाळी सीमा खाली कपडे धूत होती तेव्हा मी एकेक डबा वर नेला. जुनं लुगडं अंथरलं आणि झाकणं काढून डबे ओळीने मांडले. ऊन लागल्यावर वास जरा उडाल्यासारखा वाटला. बरं वाटलं. अकराच्या सुमारास वावटळ उठली, धूळ आत जाईल म्हणून झाकणं परत गच्च बसवली. पत्रा तापला की आतून चांगलं वाळेल.

आता जेवून थोडा पडतो. चार वाजता खाली आणीन.

९ मे

पाच दिवस लिहिलं नाही.

मी झोपलो होतो. सापाच्या फुत्कारासारखा आवाज आला, मग मोठा भपका. सीमा माझ्या आधी वर धावली. मी पोचलो तेव्हा गच्चीवर पिवळा धूर होता आणि एकामागून एक डबे फुटत होते. तिने टाकीतून बादली भरून ओतली. पाण्याखालीही ते जळत होतं. मी जिनिंगमध्ये कितीतरी आगी पाहिल्या, पाण्याखाली जळणारी आग पाहिली नव्हती. मी दारातच उभा राहिलो.  काडी नाही, ठिणगी नाही, काहीच नाही.

टोकाचा एक डबा अजून पेटला नव्हता. सीमाने तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या बाजूला वळली. तिच्या हातातच तो पेटला.

ती दवाखान्यात आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत. उजव्या हाताची बोटं मिटतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. मांडीची कातडी काढून लावणार आहेत.

गजेंद्र माझ्याशी बोलत नाही. काल जेवणाचा डबा द्यायला गेलो तर त्याने डबा घेतला आणि दार लावून घेतलं. पण सीमाने आतून हाक मारली. तिच्या तोंडावर सूज आहे. ती म्हणाली, "मामाजी, तुमी जेवले काय?"  मग म्हणाली, "मले वाटलं, येक तरी वाचन. तुमच्या मायचा येक तरी."

मी म्हटलं, "तुले कोणं सांगतलं होतं उचलाले?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "तुमी तसे पाहून राहिले होते."

११ मे

मॅडम काल ठरल्याप्रमाणे आल्या. मी त्यांना फोन केला नव्हता, हिंमत झाली नाही. गाडी दारात उभी राहिली. त्यात बर्फाच्या पेट्या होत्या. मी त्यांना गच्चीवर नेलं. लुगड्याचे काळे चट्टे आणि वितळून वाकडे झालेले पत्रे. कुरडया तशाच पडल्या होत्या, धुराने पिवळ्या झालेल्या.

मी गंजीचं सगळं समजावून सांगितलं. ओला कापूस कसा तापतो, हात घालून कसं पाहायचं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. खाली बसल्या आणि राख एका पिशवीत भरू लागल्या. तिचं काय करणार विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही." एखादीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर त्या दवाखान्यात जाऊन सीमाला भेटल्या. तिथून परस्पर पुण्याला गेल्या.

१९ मे

रुख्मिणीबाईचा रोज फोन. गजेंद्र उचलत नाही, मीच उचलतो. नेले काय डबे? काय म्हणे ते बाई? दिसन काय मले? घरात झालेलं तिच्या मुलाला कळवलं आहे आणि तिला सांगू नको म्हणून बजावलं आहे. तिची शुगर वाढलेली आहे.

आज मी म्हटलं, हो, नेले.

२ जून

अमरावतीला गेलो. जावंच लागलं. आम्ही दिवाळी धरून चाललो होतो, तिचा डोळा त्याच्या आधीच गेला. आता फक्त उजेड-अंधार कळतो. ती चष्मा लावून बसली होती.

"मले तर आता काही दिसत नाही, मोत्या. तुले दाखवलं काय त्यायनं?"

मी म्हटलं, "हो, दाखवलं. पुण्याले."

"मंग सांग ना. बसला काहून मुक्यासारखा?"

मी सांगू लागलो. पडदा मोठा होता, खोलीत अंधार केला. माय उंबऱ्यावर बसली होती, मान खाली घालून. एवढं बोलून थांबलो, कारण तेवढंच होतं.

"मंग?"

"मंग तिनं मान वर केली."

रुख्मिणीबाईने श्वास घेतला तो मला ऐकू आला. "कोणाकडं पाह्यलं?"

"अंगणात कोणी येऊन राहिलं होतं. त्याच्याकडं पाह्यलं, अन् हसली."

"समोरचा दात दिसला काय? जरासा पुढं होता तिचा तवा. मंग तुह्या येळी पडला तो."

"दिसला," मी म्हटलं.

ती रडली नाही. हातांनी स्वतःच्याच तोंडावरून, नाकावरून, दातांवरून चाचपत राहिली. तिची सून चहा घेऊन आली तर तिला म्हणाली, "ठेव तिकडं. मोत्या सिनेमा सांगून राहिला." मग मला म्हणाली, "कोण आलं होतं अंगणात?"

मी म्हटलं, ते पुढल्या खेपेला.

१४ जून

सीमा घरी आली. हात पट्ट्यांत आहेत. स्वयंपाकाला बाई लावली आहे. गजेंद्र सीमाला घास भरवतो. मी समोर असलो तर दोघंही बोलत नाहीत, म्हणून मी आधीच जेवून घेतो.

रुख्मिणीबाईला फोनवर पुढचं सांगितलं. अंगणात मायचा सिनेमातला भाऊ आला होता, लढाईवरून. माय उठली, धावली, तिचा पाय घागरीला लागला, पाणी सांडलं. रुख्मिणीबाईला ते फार आवडलं, दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा मी घागर विसरलो तर तिने आठवण करून दिली.

२२ जून

चारुशीला मॅडमचा फोन आला. मला वाटलं पोलिसांचं काही असेल. त्या म्हणाल्या, पुस्तकात मायवर एक पान राहणार आहे. "काका, त्यांना सिनेमात पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कोणीच मिळत नाही मला. तुम्ही डबा उघडला होता ना? काय दिसलं तेवढंच सांगा. जे नक्की दिसलं तेवढंच."

मी सांगितलं. उंबऱ्यावर बसली होती. मग मान वर केली. अंगणाकडे पाहिलं आणि हसली.

"चेहरा दिसला तुम्हाला?"

"दिसला."

"नक्की?"

"माह्यी माय होय मॅडम. मी नाही ओळखणार?"

त्या मधे थांबत होत्या, लिहून घेत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, "बरं झालं काका. एवढं तरी राहिलं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

फोन ठेवला तर सीमा पलंगावरून माझ्याकडे पाहत होती. "मामाजी, तुमी तर म्हणत होते तोंडच दिसत नाही म्हून."

मला एकदम राग आला. "तू होती काय तिथं? तुले काय ठावं?" असं मी तिच्यावर ओरडलो, तिचे ते हात समोर असताना. गजेंद्र आतून बाहेर आला आणि काही न बोलता तिला धरून दुसऱ्या खोलीत घेऊन गेला.

मी इतकं ओरडायला नको होतं. पण दिसली ती मला. खिडकीतून चांगला उजेड येत होता आणि मी पट्टी नीट धरली होती. समोरचा एक दात जरासा पुढे होता. ते मॅडमना सांगायचं राहिलं. उद्या सकाळी फोन करतो.